कामाचा उतारा: शिकलेल्या मुलामुलींनी इंटरनेटवर ठेवायची कामाची वही



या पानावर आपण एरवी लागण, खोडवा, खताचे डोस आणि हुमणीचा बंदोबस्त यांविषयी बोलतो. या वेळचा विषय जरा वेगळा आहे, पण तोही आपल्या घरातलाच आहे.

तोडणीचा प्रोग्रॅम विचारायला आमच्या गट ऑफिसात एक जुने सभासद आले होते. त्यांना सगळे तात्याच म्हणतात. प्रोग्रॅमचं बोलणं झालं, चहा झाला, तरी तात्या उठेनात. शेवटी म्हणाले, "साहेब, पोरगं मेकॅनिकलचा डिप्लोमा होऊन दीड वर्ष झालं. फर्स्ट क्लास हाय. शंभरएक ठिकाणी अर्ज केलं असतील. एकाचं बी उत्तर न्हाई. रान चार एकर, त्यात पोरं तीन. सगळ्यांनी उसातच राहून कसं भागायचं?"

मी विचारलं, "तात्या, त्यानं केलेलं काम कुठं बघायला मिळेल?"

"काम बक्कळ करतोय की! विहिरीवरची मोटर त्योच खोलतो. ठिबकच्या फिल्टरची टाकी गळत हुती, ती त्यानंच वेल्डिंग करून बंद केली. भावकीतली माणसं बी त्यालाच बोलवत्यात."

"ते तुम्हाला माहीत, मला माहीत. पण चाकणच्या कंपनीत अर्ज वाचणाऱ्या माणसाला ते कुठं दिसतंय?"

तात्या गप्प झाले. कार्यक्षेत्रातल्या पुष्कळ घरांत आज हीच अडचण आहे. पोरांना काम येते, पण ते बाहेरच्या माणसाला दाखवता येत नाही. म्हणून हा लेख.

सरासरीत गेलेला माल

ऊस पिकवणाराला ही गोष्ट समजायला अवघड नाही. आपल्या उसाची एफआरपी कारखान्याच्या सरासरी साखर उताऱ्यावर ठरते. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३,५५० रुपये दर ठरवला आणि त्यावरच्या प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३४ रुपये ६० पैसे वाढ दिली. हा उतारा साऱ्या कारखान्याचा असतो. एकाने माती परीक्षण करून, बेणे बदलून, पक्व झालेला स्वच्छ ऊस घातला आणि दुसऱ्याने कोवळा, पाचटासकट घातला, तरी काट्यावर वजन तेवढे ज्याचे त्याचे होते. उतारा दोघांचा एकच धरला जातो. चांगल्या उसाचा मालक मनात म्हणतो, "माझा ऊस वेगळा काढून बघा की!"

डिप्लोमा-डिग्रीच्या कागदाचे तसेच झाले आहे. दरवर्षी एकेका शाखेतून ढिगाने मुले फर्स्ट क्लास घेऊन बाहेर पडतात. सगळ्यांचे अर्ज एकाच गव्हाणीत पडतात. वरून बघणाराला मोळी-मोळीत फरक दिसत नाही. त्यात नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी आले, मागोमाग तसली आणखी यंत्रे आली. आता कोणाचाही अर्ज घटकाभरात छान इंग्रजीत लिहून मिळतो. त्यामुळे नुसत्या छान अर्जाची किंमत आणखी उतरली. वाचणारा आता विचारतो, "लिहिलंय ते ठीक, केलंय काय ते दाखवा."

तोडणीआधी उभा ऊस पक्व झाला की नाही हे बघायला शेतकी खात्याचा माणूस हँड रिफ्रॅक्टोमीटर घेऊन फडात येतो. कांड्याचा रस काढतो, दोन थेंब काचेवर टाकतो, उजेडाकडे धरून ब्रिक्सचा आकडा वाचतो. मग तिथे वाद राहत नाही. मुलांच्या बाबतीत काचेवरचे ते दोन थेंब म्हणजे त्यांनी प्रत्यक्ष केलेले, दुसऱ्याला तपासता येईल असे काम. ते एका जागी मांडून ठेवले की त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. आपण त्याला कामाची वही म्हणू.

वही इंटरनेटवर कशाला?

पूर्वी चित्रकार आणि फोटोग्राफर कामाची फाईल काखेत घेऊन फिरत. फाईल चांगलीच, पण ती एका वेळी एकाच टेबलावर उघडते, आणि तिथे पोचायला आधी दार उघडावे लागते. इंटरनेटवरच्या वहीला एक पत्ता असतो. तो अर्जात एका ओळीत लिहिता येतो. पुण्यातला माणूस सकाळी बघतो, दुबईतला रात्री बघतो, आपले पोर त्या वेळी मळ्यात दारं मोडत असले तरी बिघडत नाही. घरचे कोणी मोठ्या हुद्द्यावर नाही, शब्द टाकणारे कोणी नाही, अशा मुलांना याचा उपयोग जास्त आहे. ज्याला ओळख आहे त्याचे वहीवाचूनही भागते.

आमच्या घरचा अनुभव

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझ्या पुतण्याने कॉम्प्युटरची पदवी घेतली. शेवटच्या वर्षाला त्याने आणि तीन मित्रांनी मिळून एक मोबाइल अ‍ॅप केले होते. शेतीपंपाच्या विजेची पाळी दिवसाची आहे की रात्रीची, आणि आज कोणत्या वाफ्याला पाणी द्यायचे, याची आठवण ते करून देई. आमच्या घरात ते महिनाभर वापरलेही. पुढे पुण्याच्या एका कंपनीत मुलाखतीला बोलावणे आले. समोरचे गृहस्थ म्हणाले, "छान कल्पना आहे, दाखवा." दाखवायला काही नव्हते. लॅपटॉपची हार्ड डिस्क गेलेली, उरलेला भाग मित्राकडे, आणि मित्राचा फोन लागेना. गृहस्थ वाईट नव्हते. पण न बघितलेल्या मालाला भाव कोण देणार? पोरगं रात्रीच्या एसटीने परत आलं आणि दोन दिवस कोणाशी बोललं नाही.

तिसऱ्या दिवशी त्याने ते अ‍ॅप नव्याने लिहायला घेतले. तीन आठवडे लागले. या वेळी मात्र रोजचे काम गिटहब या ठिकाणी ठेवत गेला. गिटहब म्हणजे सॉफ्टवेअर लिहिणारांची सामाईक कोठी. ती २००८ पासून चालू आहे. तिथे कोणत्या तारखेला कोणी कोणती ओळ बदलली याची नोंद आपोआप राहते. वर्षभराचे एक कॅलेंडर दिसते आणि काम केलेल्या दिवसाचा चौकोन हिरवा होतो. आपल्या मस्टरसारखेच म्हणा. (मस्टर भरले म्हणजे काम चांगले झाले असे नव्हे, हे इथेही लागू.) कामाच्या सुरुवातीला त्याने एक पान लिहिले: अ‍ॅप कशासाठी, कसे चालवायचे, काय अजून नीट होत नाही.

पुढच्या मुलाखतीत अर्धा तास त्या "नीट होत नाही" वरच बोलणे झाले. मोबाइलला रेंज नसली की आठवण वेळेवर येत नव्हती. त्याने दोन उपाय करून पाहिले होते, एक फसला होता, आणि ते सगळे तिथे तारखेनिशी होते. त्याला सहा महिन्यांसाठी शिकाऊ म्हणून घेतले, पुढे कायम केले. पगार फार मोठा नाही. पण बोलणे मार्कांवर न होता कामावर झाले, हा फरक आम्ही डोळ्यांनी बघितला.

एक नोंद कशी लिहावी

वहीत पन्नास गोष्टी नकोत. चार-पाच नोंदी पुरतात, पण त्या भरीव पाहिजेत. प्रत्येक नोंदीत चार प्रश्नांची उत्तरे यावीत: अडचण काय होती? मी स्वतः नेमके काय केले? त्याने फरक काय पडला? पुरावा काय?

तात्यांच्या मुलाचेच उदाहरण घेऊ. त्याच्या अर्जात असे होते: "मी मेहनती व जिज्ञासू असून मला वेल्डिंगचे ज्ञान आहे." हे वाक्य कोणीही लिहील. त्याऐवजी असे लिहिता येईल:

"ठिबकच्या सँड फिल्टरची टाकी तळाजवळ गंजून गळत होती. दाब पडून शेवटच्या लॅटरलपर्यंत पाणी पोचत नव्हते. टाकी रिकामी करून गंजका भाग कापला, पत्र्याचा तुकडा बसवून वेल्डिंग केले. पहिल्या वेळी सांध्यात बारीक भोके राहिली, कारण गंज पुरता घासला नव्हता. पुन्हा घासून वेल्डिंग केले, पाणी भरून दाबाखाली तपासले. दुरुस्तीआधीचा व नंतरचा दाब गेजवर वाचून लिहिला आहे. सोबत चार फोटो."

बघा, यात "मेहनती" हा शब्द नाही, तरी मेहनत दिसते. चूकही लिहिली आहे. कारखान्यात काम केलेल्या कोणाही फिटरला विचारा, पहिल्या फटक्यात सगळे जमले म्हणणारापेक्षा काय चुकले हे सांगणारावर तो जास्त भरवसा ठेवतो. नोंद मराठीत लिहिली तरी चालेल, पण बाहेरगावच्या कंपनीसाठी खाली साध्या इंग्रजीत चार ओळी द्याव्यात. आकडा असेल तिथे आकडा लिहावा. मोजलेला नसेल तर मनाने घालू नये.

कुठे ठेवावी, खर्च किती?

धंद्याप्रमाणे जागा वेगळी. सॉफ्टवेअरवाल्याला गिटहब. चित्रे, डिझाइन, गुळाच्या-काकवीच्या बाटलीचे लेबल असले काम करणाराला बिहान्स; हे ठिकाण २०१२ साली अ‍ॅडोबी कंपनीने घेतले. यंत्रे, दुरुस्ती, शेती, शिवणकाम असल्या कामाला गूगल साइट्सवर साधे एक पान करता येते. त्याला प्रोग्रॅमिंग लागत नाही. फोटो लावायचे, खाली मजकूर लिहायचा. यंत्र चालताना दाखवायचे असेल तर दोन मिनिटांचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकावा. "अनलिस्टेड" केला तर ज्याला पत्ता देऊ त्यालाच तो सापडतो.

लिंक्डइनचे नाव पोरांच्या तोंडी जास्त असते. ते २००३ साली सुरू झाले, आणि मायक्रोसॉफ्टने २०१६ साली ते विकत घेतले. तो नोकरी-धंद्याचा आठवडी बाजार समजावा. माणसे भेटतात, जागा कळतात, म्हणून तिथे नाव असावे. पण माल मांडायची जागा आपली वही. बाजारात उभे राहून वहीचा पत्ता द्यायचा.

खर्चाचे म्हणाल तर वरच्या सगळ्या ठिकाणी साधे खाते फुकट निघते. स्वतःच्या नावाचा पत्ता पाहिजे असेल तर वर्षाला काही शे रुपये जातात. सुरुवातीला त्याची गरज नाही. "पोर्टफोलिओ करून देतो, दहा हजार द्या" असे म्हणणारे भेटतील. द्यायचे कारण नाही. पोराला स्वतःची वही स्वतः लिहिता येत नसेल, तर मुलाखतीत ते त्यावर बोलणार तरी काय?

एक काळजी घ्यावी. सगळी कमाई परक्याच्या कोठीत ठेवू नये. एके काळी पोरांच्या तोंडी असलेले ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. सर्वसामान्यांसाठीचे गूगल प्लस २०१९ साली बंद झाले. म्हणून मूळ फोटो आणि मजकूर यांची एक प्रत घरी पेन ड्राइव्हवर असावी. बेणे आपण एकाच वाफ्यात ठेवत नाही, तसेच हे.

कोणाकोणाला उपयोग?

इंजिनिअरांनाच, असे नाही. घरातली मुलगी ड्रोनने फवारणी करत असेल तर तिची वही फार बोलकी होईल. केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये मंजूर केलेल्या नमो ड्रोन दीदी योजनेत महिला बचत गटांना १५,००० ड्रोन द्यायचे ठरले. जिने प्रशिक्षण घेतले असेल तिने प्रत्येक फवारणीची तारीख, पीक, क्षेत्र, वाऱ्याची स्थिती आणि अडचण लिहून ठेवावी. दोन हंगामांच्या अशा नोंदी असल्या की शेजारच्या तालुक्यातला शेतकरीसुद्धा विश्वासाने बोलावतो.

ऊस रोपवाटिका चालवणारा सभासद असेल, तर कोणते बेणे (को ८६०३२ की फुले २६५), कुठून आणले, ट्रे कधी भरले, शंभरात किती उगवले, लागण झाल्यावर दोन महिन्यांनी रान कसे दिसते, हे फोटोनिशी ठेवावे. शेतकरीही आता रोपे मागवण्याआधी मोबाइलवर बघतो. वही फक्त नोकरी मागणारानेच ठेवावी असे नाही. काम मागणारानेही ठेवावी.

सांभाळून करायच्या गोष्टी

१. आधार, पॅन, बँक पासबुक, सातबारा, जन्मतारीख, घरचा पूर्ण पत्ता वहीत टाकू नये. गुणपत्रके आणि दाखले यांसाठी १ जुलै २०१५ पासून सरकारचे डिजिलॉकर आहे. ती तिजोरी आहे. मागितले तर त्यातले काढून दाखवावे. वही म्हणजे दुकानाची पुढची फळी. तिजोरीतले फळीवर मांडू नये.

२. कारखान्यात किंवा कंपनीत शिकाऊ असताना काढलेले यंत्रांचे फोटो, ड्रॉइंग, लॅबोरेटरीचे आकडे परवानगीशिवाय लावू नयेत. आधी खातेप्रमुखांना विचारावे. नाही म्हणाले तर फोटोविना, जेवढे सांगता येईल तेवढेच लिहावे.

३. चौघांनी मिळून केलेले काम एकट्याचे म्हणून दाखवू नये. आपला वाटा स्पष्ट लिहावा. दुसऱ्याच्या फडात उभे राहून काढलेला फोटो आपला म्हणून खपवला, तर पहिल्या दोन प्रश्नांतच उघडे पडायला होते.

४. दुसऱ्या माणसाचा, विशेषतः मुलाबाळांचा फोटो विचारल्याशिवाय लावू नये.

५. वही बघून "तुमची निवड झाली, नोंदणीचे पैसे भरा" असा फोन आला तर तो फसवणुकीचा समजावा. निवड झाली म्हणून उमेदवाराकडूनच पैसे मागणारी नोकरी खरी नसते. ओटीपी कोणाला सांगू नये. पैसे गेलेच तर वेळ न घालवता १९३० या सायबर मदत क्रमांकावर फोन करावा.

याने काय होईल, काय होणार नाही

खोटी आशा लावून उपयोग नाही. सरकारी भरतीत परीक्षा आणि गुण बघतात. तिथे वहीचा उपयोग नाही, अभ्यासच करावा लागतो. काम येत नसेल तर वही ते आणून देणार नाही. रस नसलेल्या उसाला रिफ्रॅक्टोमीटर काय करणार? आणि वही केली की दुसऱ्या दिवशी बोलावणे येते असेही नाही. पण शंभर सारख्या अर्जांत आपल्या पोराचा अर्ज वेगळा काढून बघावा असे कारण तिच्यामुळे मिळते. सरासरीतून बाहेर पडायची एक वाट हातात येते. शिवाय लिहिताना पोराला स्वतःलाही कळते की आपल्याला काय येते आणि काय अजून शिकायचे आहे. नुसते घरी बसून राहण्याने मन खचते. एक नोंद पुरी झाली की पुढची करावीशी वाटते.

तात्या गेल्या आठवड्यात मुलाला घेऊन पुन्हा गट ऑफिसात आले. बाकावर बसून आम्ही त्या फिल्टरची नोंद लिहायला घेतली, तर पहिल्याच पायरीला अडलो. दुरुस्तीआधीचा फोटोच नव्हता. दाबही कोणी मोजून ठेवला नव्हता. वर जो नमुना दिला आहे, तो त्यामुळे नमुनाच राहिला; खोटा आकडा आम्ही घातला नाही. मुलाने नंतरचे दोन फोटो लावले, आणि "आधीचे मोजमाप घेतले नाही, ही माझी चूक" अशी ओळ खाली लिहिली. मग म्हणाला, "काका, शेजारच्या मळ्यातला पंप उद्या खोलायचाय. आता आधी फोटो काढतो, मग पाना लावतो."

तात्या बाहेर पडताना म्हणाले, "रान वाटून एकेकाला एकर-सव्वा एकर यायचं, साहेब. पण केलेलं काम तेवढं ज्याच्या त्याच्या नावावर लागंल."

तरी ज्यांच्या घरात शिकलेली मुले-मुली आहेत त्यांनी हा लेख त्यांना वाचायला द्यावा, आणि या महिन्यात एक तरी नोंद लिहायला लावावी. सुरुवात पुढच्या कामापासून करावी: आधी फोटो, आधी मोजमाप, मग हात घालायचा. लिहिताना काही अडले तर आपापल्या गट ऑफिसात यावे. तोडणीच्या धामधुमीतही अर्धा तास काढता येईल.